179.99 अंश, आणि मॅडम, तुमचे आभार

मॅडम,

तुम्ही आमची शाळा सोडून दोन सत्रं झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मी तुमच्याबद्दल दोन वाक्यं बोललो होतो. ती कुणाच्याही निरोपाला चालली असती. तुम्ही वर्गात मोफत ऑनलाइन साधनं वापरायला लागलात तेव्हा भर मीटिंगमध्ये मीच म्हणालो होतो, "ही खेळणी आहेत. नव्याचे नऊ दिवस." आक्षेप चारचौघांत घेतला, तर आभार खासगीत कशाला मानायचे? म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

माझा राग तसा फुकाचा नव्हता. तासाला एक व्हिडिओ लावून द्यायचा आणि मागे बसून वह्या तपासायच्या, हा प्रकार मी पुष्कळ पाहिला होता. त्याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. पण तुमच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसलो त्या दिवशी नेट गेलं, आणि मी मनातल्या मनात खूश झालो, हे आता कबूल करतो. तुम्ही मात्र शांत. फेट या मोफत प्रकल्पाची सगळी सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली होती. दोन मिनिटांत तास सुरू.

पडद्यावर बॅटरी, तारा, एक बल्ब. तुम्ही विचारलंत, बल्बच्या आधी जेवढा विद्युतप्रवाह आहे तेवढाच नंतर असेल, की कमी? आणि मग तुमचा तो नियम: अंदाज वहीत लिहिल्याशिवाय पडद्यावरचं काहीही हलवायचं नाही. पेनाने लिहायचा, खोडायचा नाही. बहुतेकांनी 'कमी' लिहिलं. बल्बने थोडा 'खाल्ला' असणार, हे त्यांचं कारण. मग अँमीटर दोन्हीकडे लावला तर आकडा तोच. वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही. एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे सारखा असतो हे वाक्य मी कितीदा लिहून दिलं असेल, पण कुणाला त्याचा धक्का बसलेला मी पाहिला नव्हता. आधी स्वतःच्या हाताने चुकीचं लिहिलं होतं, म्हणून तो बसला.

(अर्थात, पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेने पडद्यावरच्या बॅटरीची दोन टोकं सरळ तारेने जोडून तिला आग लावलीच. तुम्ही रागावला नाहीत. "का पेटली ते लिहा," म्हणालात.)

दुसऱ्या दिवशी तुम्ही खऱ्या बॅटऱ्या आणि बल्ब टेबलावर मांडलेत, आणि माझं मत खरं म्हणजे तिथे बदललं. पडद्यावरची तार कधी ढिली नसते, बल्ब कधी उडालेला नसतो. टेबलावर निम्म्या गटांचे बल्ब लागलेच नाहीत. एरवी मुलं "सर, होत नाहीये" म्हणून हात बांधून बसतात. ही मुलं होल्डर पिळून पाहू लागली. जोडणी बरोबर आहे हे त्यांनी आदल्या दिवशी पाहिलं होतं, तेव्हा दोष वस्तूत शोधायचा, एवढं त्यांना कळत होतं.

फेट हा प्रकल्प 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी सुरू केला आणि आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं, हे तुम्ही चहाच्या सुट्टीत सांगितलंत. मग मीही जिओजेब्राचं, म्हणजे पडद्यावर भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येणाऱ्या साधनाचं, मूळ शोधलं. मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने 2001 मध्ये साल्झबर्गला पदव्युत्तर अभ्यासासाठी सुरू केलेलं काम. म्हणजे मी फळ्यावर वाकडेतिकडे त्रिकोण काढत होतो तेव्हापासून हे साधन होतं. मला पत्ता नव्हता.

आता जिओजेब्रावरच्या त्या 179.99वाल्या त्रिकोणाबद्दल. तो तास माझा होता, तुम्ही फक्त लॅपटॉप लावून द्यायला थांबला होतात. शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, बेरीज 180 राहते, एवढं दाखवायचं आणि पुढे जायचं, असा माझा बेत. दोन दशांश स्थळं ठेवली होती. एका मुलीने पडद्यावरचे कोन वहीत उतरवले: 47.33, 62.33, 70.33. बेरीज केली आणि हात वर केला. "सर, 179.99 येतंय."

मी म्हणणार होतो, "ते 180च धर." माझं तोंड उघडलंही होतं. तुम्ही माझ्याकडे नुसतं पाहिलंत, मॅडम, आणि मी तोंड मिटलं. मग तुम्ही त्या मुलीला विचारलंत, "पडद्याने खोटं सांगितलं, की अर्धवट?"

पुढची वीस मिनिटं माझ्या नोकरीतल्या चांगल्या वीस मिनिटांपैकी आहेत. दशांश स्थळं वाढवली तेव्हा 47.33च्या मागे आणखी आकडे निघाले. प्रत्येक कोनाची शेपटी कापली गेली होती, तिन्ही कापलेले तुकडे मिळून तो एक शतांश. तेवढ्यात दुसऱ्याने विचारलं, मग 179.95 येऊ शकेल का? आम्ही फळ्यावर गेलो, खडूच्या फळ्यावर. पूर्णांकन करताना, म्हणजे आकडा जवळच्या शतांशावर नेताना, एका कोनात जास्तीत जास्त 0.005ची चूक, तिघांत मिळून 0.015. पण दोन दशांश स्थळांच्या संख्यांची बेरीज शतांशाच्या पटीतच येणार. म्हणजे 179.99, 180.00 किंवा 180.01, चौथा पर्यायच नाही. नववीच्या पोरांनी हे स्वतः काढलं. मग एकाने विचारलं, "पण सर, खरी बेरीज बरोब्बर 180च असते हे कशावरून?" सिद्धता मी दरवर्षी शिकवतो. ती मला कुणी मागितली, ही पहिली वेळ.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. प्लिकर्सची ती नक्षीची कार्डं मी अजून वापरतो: मुलं उत्तरासाठी कार्ड वर धरतात, मी ती फोनच्या कॅमेऱ्याने टिपतो. मुलांकडे फोन लागत नाही, माझा एक पुरतो. कार्ड कोणत्या बाजूने धरलं त्यावरून उत्तर ठरतं, शेजाऱ्याचं पाहून काही कळत नाही. कधीच हात वर न करणाऱ्या मुलांची उत्तरं मला पहिल्यांदा तिथे दिसली. त्यातली काही चुकीची होती, आणि तीच मला हवी होती.

मुलांची खाती उघडायला तुम्ही नकार द्यायचात, तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. खात्याशिवाय चालतं ते वापरू, नाव टाकावंच लागलं तर हजेरी क्रमांक टाकू, हा तुमचा बाणा. तसंच, प्रश्नसंच नेहमी साध्या स्प्रेडशीटमध्ये स्वतःकडे ठेवायचा, साधनात फक्त त्याची नक्कल. मी आळसाने तसं केलं नाही. ज्या मोफत संकेतस्थळावर माझ्या अख्ख्या वर्षाच्या चाचण्या होत्या, ते एके दिवशी पैसे मागू लागलं आणि जुन्या चाचण्या उघडेनात. फुकटचं म्हणजे आपलं नव्हे, हे तुम्ही किमान तीनदा सांगितलं होतंत. मी मान डोलावली होती.

या वर्षी नवे आलेले एक सर माझ्याकडे साधनांची यादी मागत होते. यादी दिली. पण आधी, मी तुमच्या तासाला बसलो होतो तसं, त्यांना माझ्या तासाला मागे बसवलं. मुलांनी पेनाने अंदाज लिहिले, मग मी पडद्याला हात लावला.

आणि हो, त्या 179.99वाल्या मुलीने गेल्या आठवड्यात जिन्यात गाठून विचारलं: चौकोनाच्या चार कोनांची बेरीज अशीच दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करून केली, तर ती कधी 360.02 येऊ शकेल का? मला उत्तर सापडलंय असं वाटतं. तुम्हाला कळवतोच. पण तुमचा अंदाज आधी वहीत लिहा. पेनाने.

तुमचा,
मागच्या बाकावरचा गणिताचा सर