बाबांच्या हाती टॉर्च देणाऱ्या ग्रॉटनच्या नाविकास

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्याला मराठी येत नाही हे ठाऊक असूनही मी हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण बाबांविषयीचे मनातले बोलणे मला दुसऱ्या भाषेत जमत नाही. कनेक्टिकटमध्ये नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ याचे इंग्रजी करून आपल्याला आणून देईल. पत्र उघडपणे लिहिते आहे ते अशासाठी, की ज्यांच्या घरात माझ्या बाबांसारखे कुणी आहे त्यांनीही ते वाचावे. आपले नाव कुठे येऊ नये ही आपली इच्छा मी पाळली आहे.

बाबा मुंबईच्या नौदल गोदीत ३४ वर्षे पाइप फिटर होते. पाणबुडी दुरुस्तीसाठी आली की समुद्राचे पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या, त्यांचे व्हॉल्व, फ्लँज आणि झाळलेले (म्हणजे वितळत्या धातूने जोडलेले) सांधे हे त्यांचे काम असे. कामाविषयी घरी अवाक्षर काढायचे नाही ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली, की निवृत्तीनंतर ज्या गोष्टी सांगायला हरकत नव्हती त्याही त्यांनी सांगितल्या नाहीत, आणि खरे म्हणजे आम्ही त्या कधी विचारल्याही नाहीत. १४ ऑगस्ट २०१३ रोजी ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी मुंबईच्या गोदीतच स्फोटांनी बुडाली आणि १८ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. बोलले मात्र काहीच नाहीत. भावाने अमेरिकेला बोलावले त्या वेळी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांनी एकच मागणे केले: ‘नॉटिलस’ ही अमेरिकेची जुनी अणुपाणबुडी बघायची.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका शहरात जुनी पाणबुडी पाहायला गेलो होतो. तिथल्या माणसाने बाबांच्या चेहऱ्याकडे नाही, काठीकडे पाहिले, आणि काठीवाल्यांना आत घेत नाही असे माझ्याकडे बघून सांगितले, जणू बाबा तिथे उभेच नव्हते. सुरक्षेचा नियम मला मान्य आहे. पण वरच्या झाकणापाशी दोन मिनिटे उभे राहून आत डोकावू द्यावे, एवढी आमची विनंतीही त्याने पुरती ऐकून घेतली नाही. परतीच्या वाटेवर आमच्याबरोबरचे एक नातलग म्हणाले, “नळ्याच तर असतात आत, त्यात काय बघायचे?” बाबा गाडीच्या काचेतून बाहेर पाहत राहिले. तो दिवस मी विसरलेले नाही.

म्हणूनच कनेक्टिकटमधल्या ग्रॉटनला, तिथल्या टेम्स नदीच्या काठी, ‘नॉटिलस’ची ती काळी बोट दिसली तेव्हा माझे पाय जड झाले होते. आपण पुढे आलात, काठीकडे पाहिलेत आणि बाबांनाच विचारलेत, की कोणता गुडघा दुखतो. मग आपण स्वतः त्यांच्या आधी जिना उतरलात आणि पायरीपायरीला थांबत त्यांना खाली आणलेत. एवढ्यानेच माझे डोळे भरले होते, तरी ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते त्यानंतर घडले.

पुढच्या टॉर्पेडो कक्षात इतर सगळे सहा नळकांड्यांच्या पितळी तोंडांचे फोटो काढत होते आणि बाबा मान वर करून छताखालच्या नळ्या पाहत होते. आपण त्यांचा व्यवसाय विचारलात. “पाइप फिटर, सबमरीन,” बाबा म्हणाले. आपण खिशातला टॉर्च काढलात, तो त्यांच्या हाती दिलात आणि एक पाऊल मागे सरकलात. त्यांना काय बघायचे ते आपण दाखवले नाहीत, मागे विद्यार्थ्यांचा घोळका येत होता तरी घाई केली नाहीत. त्या मुलांना दुसऱ्या बाजूने जायला सांगून आपण माझ्या बाबांना एका एका सांध्यावर उजेड टाकू दिलात. पाहुणा म्हणून नव्हे, तपासणीला आलेला कारागीर म्हणून आपण त्यांना तिथे उभे केलेत. त्यांचा ताठ झालेला कणा मी कित्येक वर्षांनी पाहिला.

मग आपण दोघे बोलत राहिलात. बाबांचे इंग्रजी गोदीतले, आपले नौदलातले. शब्द अडले की बोटे बोलत होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते १४ जून १९५२ रोजी याच गावात नॉटिलसचा कणा बसवला गेला, हे तिथल्या पाटीवरही वाचता आले असते. सप्टेंबर १९५४ मध्ये ती धक्क्यालाच बांधलेली असताना चाचणीत वाफेची एक लहानशी नळी फुटली, आणि शोध घेता विनाजोड नळीच्या जागी भलत्याच कामाची, जोड असलेली नळी बसवलेली निघाली, ही हकिगत आपण बाबांना सांगितलीत ती मात्र त्यांचा व्यवसाय ओळखून. अशा आणखी किती नळ्या कुठे दडल्या आहेत याची खात्री कुणालाच देता येईना, तेव्हा नौदलाच्या अणुपाणबुडी प्रकल्पाचे प्रमुख अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी संशय असलेल्या सगळ्याच काढून नव्या घालायला लावल्या. त्यानंतरच १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर चालणारी जगातली ही पहिली पाणबुडी समुद्रात निघाली. बाबांनी त्यावर मान डोलावली, जशी ते गाण्यातली जागा आवडल्यावर डोलावतात. वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधली खाऱ्या पाण्याची गळती काही केल्या सापडेना, म्हणून खलाशांनी साध्या कपड्यांत सिअ‍ॅटलच्या दुकानांतून मोटारीच्या रेडिएटरची गळती बुजवणाऱ्या द्रवाचे डबे आणून आत ओतले आणि त्याच बोटीने ३ ऑगस्ट १९५८ रोजी ११६ माणसांसह उत्तर ध्रुवाखालून प्रवास केला, हे ऐकून तर बाबा मोकळेपणाने हसले. आई गेल्यानंतरचे ते त्यांचे पहिले हसू होते.

‘थ्रेशर’ या अमेरिकी अणुपाणबुडीची गोष्ट बाबांनीच काढली. ती बुडाली १० एप्रिल १९६३ रोजी, केप कॉडच्या पूर्वेला, दुरुस्तीनंतरच्या खोल बुडीच्या चाचणीत. १२९ माणसे गेली. इंजिन कक्षातल्या नळीचा चांदीच्या मिश्रधातूने झाळलेला सांधा सुटला, पाण्याच्या फवाऱ्याने वीजयंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली आणि बोट वर आणण्यासाठी बॅलास्ट टाक्यांत (पाणी भरून बोट बुडवणाऱ्या टाक्यांत) सोडलेल्या हवेतली आर्द्रता गोठून हवेच्या वाटेतल्या जाळ्या बर्फाने तुंबल्या, असे चौकशीतून आणि पुढच्या चाचण्यांतून पुढे आलेले सर्वाधिक संभवनीय कारण आपण सांगितलेत. त्याच दुरुस्तीत १४५ सांधे ध्वनिलहरींनी तपासले होते आणि त्यांतले सुमारे १४ टक्के कमअस्सल निघाले होते. उरलेल्या हजारो सांध्यांची तशी तपासणी झाली नाही. बाबांनी हळू आवाजात विचारले, “गोदीची माणसे होती का आत?” गणवेशातली ११२ आणि बिगरलष्करी १७, असे आपण उत्तर दिलेत आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरलीत. दुरुस्तीनंतर चाचणीच्या फेरीला बाबाही पाणबुडीतून समुद्रात जात असत, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले.

त्या अपघातानंतर अमेरिकी नौदलाने डिसेंबर १९६३ मध्ये ‘सबसेफ’ ही पद्धत आणली, जिच्यात समुद्राच्या दाबाखाली येणाऱ्या प्रत्येक भागाची आणि सांध्याची कागदोपत्री नोंद ठेवावी लागते. १९१५ ते १९६३ या काळात युद्धाबाहेरच्या कारणांनी १६ पाणबुड्या गमावलेल्या या नौदलाने त्यानंतर ते प्रमाणपत्र असलेली एकही गमावलेली नाही. १९६८ मध्ये ९९ माणसांसह बुडालेल्या ‘स्कॉर्पियन’ पाणबुडीला ते मिळालेले नव्हते. आपण म्हणालात, की आपण जितक्या वेळा पाण्याखाली गेलात तितक्या वेळा कुणा न पाहिलेल्या फिटरच्या सहीवर विसंबून गेलात. हे वाक्य भावाने बाबांना मराठीत पुन्हा सांगितले, आणि बाबांनी त्याला ते तिसऱ्यांदा सांगायला लावले.

बोटीशेजारच्या संग्रहालयात पुढे ‘टर्टल’ या अगदी सुरुवातीच्या पाणबुडीची प्रतिकृती होती, १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात एक सार्जंट एकट्याने हातांनी फिरवत नेलेली ती लाकडी कोठी. आयर्लंडहून आलेले शिक्षक जॉन हॉलंड यांची पाणबुडी अमेरिकी नौदलाने ११ एप्रिल १९०० रोजी दीड लाख डॉलरला घेतली, हेही तिथे वाचले. दुसऱ्या महायुद्धात गमावलेल्या अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या आणि त्यांच्याबरोबर गेलेली सुमारे ३,५०० माणसे यांच्यापाशी मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. त्या युद्धात आधी दीड वर्षाहून अधिक काळ टॉर्पेडोच सदोष होते. ते ठरल्यापेक्षा खोलवरून जात, आदळूनही फुटत नसत, आणि समुद्रावरून तक्रारी आल्या की कार्यालयात बसलेले अधिकारी नेम धरणाऱ्यांनाच दोष देत. २४ जुलै १९४३ रोजी ‘टिनोसा’ पाणबुडीने एकाच जहाजावर १५ टॉर्पेडो सोडले आणि त्यांतले ११ आदळून नुसते पडले, तेव्हा कुठे हवाईत कड्यावर मारून आणि उंचावरून पाडून त्यांची खरी परीक्षा झाली. हाताने काम करणाऱ्याला आधी विचारावे, हे ज्यांना सुचत नाही त्यांच्यापायी किती जीव जातात, असे बाबा त्या वेळी म्हणाले.

पाणबुडीवरच्या प्रत्येकाला, मग तो स्वयंपाकी का असेना, बोटीतली सारी यंत्रणा शिकल्याखेरीज छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लावता येत नाही, असे आपण सांगितलेत. दुसऱ्याचे काम जाणून घेण्याची ही सक्ती माणसाला सभ्यही करत असेल, असे आपल्याकडे पाहून मला वाटले. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणे अशी माझी समजूत होती. आपण त्या दिवशी फारसे बोललाही नव्हतात.

आता आम्ही डोंबिवलीला परतलो आहोत. बाबा रोज संध्याकाळी माझ्या मुलीला वहीत व्हॉल्व काढून दाखवतात आणि ती त्यांना प्रश्न विचारते. सोबत त्यांनी स्वतः काढलेली एक आकृती पाठवते आहे. टॉर्पेडो कक्षात डाव्या हाताच्या नळीवर त्यांनी बराच वेळ उजेड धरला होता, तिथला सांधा मुंबईत ते कसा करत असत, हे तिच्यात आहे. खाली इंग्रजीतला मजकूर त्यांच्याच हातचा आहे. त्यात एक प्रश्न आहे आणि आपल्या उत्तराची ते वाट पाहत आहेत.

आपली कृतज्ञ,
एका पाइप फिटरची मुलगी