पदवी घ्यावी, पण विमानावर अवलंबून नसलेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीतला वैमानिक होण्याविषयीचा लेख वाचला. परवान्याचे टप्पे त्यात नीट सांगितले आहेत. शेवटी मात्र ‘पर्याय म्हणून एव्हिएशन मॅनेजमेंटची पदवी करून ठेवावी’ असा एका ओळीचा सल्ला आहे. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना मी नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र शिकवतो. हाच सल्ला प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी ऐकून आलेलं असतं. म्हणून त्या एका ओळीबद्दलच लिहितो.

वैमानिकाची नोकरी मुख्यतः दोन तऱ्हांनी जाते. एकतर मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, जातं. व्यावसायिक वैमानिकाचं क्लास वन मेडिकल चाळिशीच्या आत साधारण दर वर्षी नव्याने मिळवावं लागतं आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी. एखादा झटका, हृदयाची एखादी तक्रार, आणि परवाना खिशात असूनही कॉकपिटचं दार बंद. दुसरी तऱ्हा म्हणजे सगळा धंदाच बसतो. 2019 मध्ये जगभरात सुमारे 450 कोटी विमानप्रवासी होते, 2020 मध्ये ते 180 कोटींवर आले. एवढी मोठी साथ नसली तरी कंपन्या बुडतच असतात: पॅन ॲम डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये, फ्लायबी मार्च 2020 मध्ये.

आता एव्हिएशन मॅनेजमेंटची पदवी या दोन कसोट्यांवर लावून पाहा. मेडिकल गेलं तर ती उपयोगी पडेल, हे मान्य. पण धंदा बसला की वैमानिकाबरोबर विमानतळावरचे अधिकारी, उड्डाणांची आखणी करणारे डिस्पॅचर, ग्राउंड हँडलिंगची माणसं असे सगळेच घरी बसतात. ज्या दिवशी ती पदवी बाहेर काढायची वेळ येते, त्याच दिवशी तिच्या बाजारात गिऱ्हाईक नसतं. पहिल्या योजनेबरोबर जी बुडते तिला पर्याय कसं म्हणायचं? ‘नाहीच जमलं तर इन्स्ट्रक्टर होईन’ असं म्हणणाऱ्यांचं गणित उलट्या बाजूने चुकतं. विमानात बसून शिकवायचं तर मेडिकल लागतंच. सिम्युलेटरवर किंवा वर्गात शिकवायला बऱ्याच ठिकाणी ते लागत नाही, पण मंदीत विद्यार्थीही आटतात. 2020 मध्ये माझाही वर्ग ओस पडला होता.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की, पर्याय असा हवा जो आजारी शरीराने करता येईल आणि विमानं जमिनीवर उभी असतानाही ज्याला पगार मिळेल. हिशेबनीस, प्रोग्रॅमर, शाळेतला शिक्षक, इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर यांना प्रवासीसंख्येचं सोयरसुतक नसतं.

यावर मुलं विचारतात, मग विमान वाहतुकीतल्या पदवीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो देशागणिक बदलतो आणि लेखात नेमकं हेच निसटलं आहे. आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या संघटनेच्या निकषांत व्यावसायिक परवान्यासाठी उड्डाणाचे 200 तास आहेत, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात 150. पदवीचा उल्लेख त्यात कुठेही नाही. युरोपात तेरा विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात, पण पदवी तिथला नियमही मागत नाही. अमेरिकेची गोष्ट निराळी. 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून 50 जण गेले. त्यानंतर झालेल्या कायद्याने एअरलाइनच्या फर्स्ट ऑफिसरलाही, म्हणजे सहवैमानिकालाही, 1,500 तासांची अट लागू झाली. (त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास त्याहून जास्तच होते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.) या अटीत मान्यताप्राप्त कॉलेजातून विमान वाहतुकीतली चार वर्षांची पदवी घेतलेल्याला सवलत आहे: त्याला 1,000 तास पुरतात, दोन वर्षांच्या पदवीला 1,250 आणि लष्करी वैमानिकाला 750. म्हणजे त्या एका देशात या पदवीची किंमत 500 तास आहे. तिथेच नोकरी करण्याचा हक्क असेल तर हे 500 तास जरूर मोजावेत. इतरांनी अमेरिकी सल्ला वाचून आपल्या देशात तीच पदवी घेण्यात काही हशील नाही. शिवाय तिथल्या डेल्टा कंपनीनेही जानेवारी 2022 मध्ये चार वर्षांच्या पदवीची सक्ती काढून टाकली.

पदवी आधी की उड्डाण आधी, यावर मात्र मला सरसकट उत्तर देता येत नाही. बहुतेक एअरलाइनमध्ये सगळं सेवाज्येष्ठतेवर चालतं. कॅप्टन कधी होणार, सुट्टी कधी मिळणार, कपातीत आधी कोण जाणार, हे रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतं. पदवीत घालवलेली तीन-चार वर्षं ही ती तारीख पुढे ढकलतात. म्हणून ज्याची एखाद्या कंपनीच्या कॅडेट योजनेत, म्हणजे कंपनीने आपल्यासाठी वैमानिक घडवण्याच्या योजनेत, खरोखर निवड झाली आहे, त्याने उडायला जावं आणि पदवी मागाहून दूरशिक्षणाने करावी. पण ज्याला कर्ज काढून शिकायचं आहे आणि पुढे नोकरीची हमी नाही, त्याने आधी पदवी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. परवाना हातात आल्यावर नोकरी लागेपर्यंत किती काळ जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला येतो, आणि तो काळ ढकलायला दुसरी कमाई लागते.

दोन्ही एकाच वेळी करण्याचा मोह टाळावा. युरोपच्या नियमांत पहिला पेपर दिल्यापासून दीड वर्षात सगळे विषय सुटावे लागतात आणि त्यानंतर परवाना काढायला तीन वर्षांची मुदत असते. मध्येच कॉलेजच्या परीक्षा आल्या म्हणून उड्डाण थांबवणारी मुलं लेखीही घालवून बसतात आणि हातही विसरतात.

मेडिकलबद्दल लेखात ‘शेवटी वैद्यकीय चाचणी होते’ असं वाक्य आहे. ती शेवटी नव्हे, सर्वांत आधी करायची असते. फ्लाइंग स्कूलला पहिला हप्ता देण्याआधी थेट क्लास वनच करून घ्यावं. चष्मा असला की संपलं, हा समज खोटा आहे. चष्म्यासह प्रत्येक डोळ्याने 6/9 आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून 6/6 दिसणं ही आंतरराष्ट्रीय अट आहे. रंगांधळेपणाचं मात्र तसं नाही. त्यावर चष्मा चालत नाही, आणि बऱ्याच मुलांना तो आपल्याला आहे हे तपासणीच्या खुर्चीत बसल्यावरच कळतं. पैसे भरून झाल्यावर हे कळणं फार महागात पडतं. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमाही मिळतो, तो नोकरी लागताच घ्यावा. बहुतेक पॉलिसी आधीपासूनचे आजार वगळतात, म्हणून तरुणपणी, अंगावर काही नोंद नसतानाच घेणं शहाणपणाचं. पण त्याचे पैसे काही वर्षांत संपतात. साठ-पासष्टपर्यंत घर चालवायचं काम तो करत नाही.

आणखी एक बाब, जी पालक हमखास विसरतात. पदवी घेऊन कपाटात ठेवली की काम झालं असं त्यांना वाटतं. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली असावी लागतात, कारण हात गंजतो हे या व्यवसायाला ठाऊक आहे. दुसऱ्या विद्येलाही तोच नियम लावायला हवा. दहा वर्षं न उघडलेलं अकाउंट्सचं पुस्तक चाळिशीत कामाला येत नाही. महिन्यातून चार सुट्ट्यांपैकी एखादी त्यासाठी द्यावी, एखाद्या ओळखीच्याचं छोटं काम करून द्यावं, वर्षाकाठी एखादी परीक्षा द्यावी.

पुढच्या वेळी याच विषयावर लेख घ्याल तर एक विनंती. गणवेशातल्या तरुण फर्स्ट ऑफिसरच्या मुलाखतीसोबत, मेडिकल गेल्यामुळे मध्येच थांबावं लागलेल्या एखाद्या कॅप्टनलाही बोलतं करा. त्यानंतर पहिली दोन वर्षं घर कशावर चाललं, एवढंच त्याला विचारलं तरी चालेल.

आपला,
ग्राउंड विषयांचा एक शिक्षक