सहा बाटल्यांची वाईन उन्हानं शिजली आहे, हा कॉर्कचा दोष नाही

दिनांक : ५ मे २०२५
सोलापूर

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : युरोपीय वाईनची खराब पेटी बदलून मिळण्याबाबत आणि सोबतच्या माहितीपत्रकातील चुकांबाबत

महोदय,

शनिवार-रविवारच्या घरच्या जेवणासाठी म्हणून आपण विकता ती सहा बाटल्यांची पेटी आम्ही चौघांनी मिळून घेतली. जर्मनीतल्या मोझेलच्या रीसलिंगच्या (व्हाईट) दोन, फ्रान्सच्या बोजोलेच्या (हलकी रेड) दोन आणि स्पेनच्या रिओहा क्रियांझाच्या (लाकडी पिंपात मुरवलेली रेड) दोन बाटल्या, एकूण १४,४०० रुपये. पेटी २४ एप्रिलला पुण्याहून निघाली आणि २६ तारखेला संध्याकाळी इथल्या परवानाधारक दुकानात आमच्या हातात पडली. पुणे-सोलापूर रस्ता जेमतेम अडीचशे किलोमीटरचा. मधला सगळा वेळ पेटी ट्रान्सपोर्टच्या पत्र्याच्या गोदामात पडून होती, हे पावतीवरच्या शिक्क्यांवरून दिसतं. एप्रिलअखेर सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. पेटीला नुसता पुठ्ठा होता, थर्माकोलचा तुकडाही नव्हता.

पेटी दुकानातच उघडली, तेव्हाचे फोटो सोबत जोडले आहेत. बोजोले आणि रिओहा या चारही बाटल्यांचं कॉर्क काचेच्या कडेपेक्षा तीन-चार मिलिमीटर वर आलेलं आहे आणि वरचं वेष्टण फुगलेलं आहे. चांगल्या बाटलीचं वेष्टण बोटानं सहसा गोल फिरतं. इथे ते गळ्याला चिकटून बसलंय. खाली वाईनचा ओघळ वाळून चिकट झालाय. कॉर्क काढल्यावर त्याच्या एका अंगाला खालपासून वरपर्यंत जांभळी रेघ दिसते. वाईन त्याच वाटेनं बाहेर आली.

कारण सरळ आहे. ७५० मिलीची बाटली २० अंशांवरून ४० वर गेली की आतली वाईन साधारण पाच-सहा मिलीनं वाढते. कॉर्कखाली तेवढी मोकळी जागा नसते, म्हणून वाईन कॉर्कला वर ढकलते. रात्री थंड झाली की आकसते आणि त्याच फटीतून हवा आत ओढते.

आपल्या प्रतिनिधीनं फोनवर ‘कॉर्कचा नैसर्गिक दोष’ म्हणून पैसे परत द्यायला नकार दिला. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. कॉर्कच्या दोषाला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास येतो. तो एखाददुसऱ्या बाटलीत निघतो आणि त्यानं कॉर्क वर सरकत नाही. आमच्या बोजोलेला फार उकळलेल्या जॅमचा वास आहे. गामे द्राक्षाच्या या हलक्या वाईनमध्ये ताज्या लाल फळांचा, डाळिंबाचे दाणे फोडल्यासारखा टवटवीतपणा हवा; तो पार गेलाय. रीसलिंगच्या दोन्ही बाटल्यांना तर फिरकीचं झाकण आहे, कॉर्कच नाही, तरी त्याही बिघडल्या. २०२३ सालची ही वाईन पांढऱ्या कागदासमोर धरली की फिकट, हिरवट झाक असलेली दिसायला हवी. ती मधासारखी पिवळी झालीय. बाटली फ्रीझरमध्ये गोठली तरी कॉर्क वर येतं, पण तेव्हा वाईनमधला फळांचा स्वाद असा शिजत नाही. आणि एकदा शिजलेली वाईन नंतर कितीही थंड केली तरी सुधारत नाही.

आता माहितीपत्रकाबद्दल. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी’ असं त्यात छापलंय. ही खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. सोलापुरात मे महिन्यात रात्री आठलाही स्वयंपाकघर तिशीच्या वर असतं. तेवढ्या गरम रेडमध्ये अल्कोहोलच नाकाला झोंबतो. इथल्या ग्राहकाला असं सांगायला हवं : बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन मुठी मीठ, रेड पंधरा-वीस मिनिटं, व्हाईट अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटली ठेवू नये, बर्फ काचेला मोजक्या ठिकाणीच टेकतो. ग्लासात थोडी थोडीच ओतावी.

त्याहून मोठी चूक म्हणजे काळ्या मसाल्याच्या मटणासोबत रिओहा सुचवली आहे. क्रियांझा किमान दोन वर्षं मुरवलेली असते, त्यातलं निदान एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपात. तिचा तुरटपणा आणि १४ टक्के अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतात, जीभ पोळते. त्या मटणाला मोझेलची थोडी गोडसर, आठ-नऊ टक्क्यांची रीसलिंगच हवी. गोडी तिखट शमवते आणि आंबटपणा तेलाचा तवंग कापतो. रिओहा अळणी मटणासोबत किंवा कमी तिखटाच्या शीख कबाबासोबत द्या. भरलं वांगं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल तर बोजोले, तीही १२-१४ अंशांवर. उखळात कुटून तेल सुटलेल्या चटणीसमोर कमी तुरट रेडच टिकते. ही चव घरात जुळते तेव्हा काय आनंद असतो हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय.

आमची मागणी अशी : पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सहाही बाटल्या बदलून द्याव्यात किंवा १४,४०० रुपये परत करावेत. नव्या बाटल्या पाठवायच्या तर थर्माकोलच्या पेटीत, रात्रीच्या गाडीनं आणि सकाळी थेट दुकानात. मार्च ते जूनमध्ये गोदामात मुक्काम नको. मुदतीत उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

दोन्ही रीसलिंग आणि बोजोले व रिओहाची एकेक बाटली उघडलेली आहे. त्यांची कॉर्कं आणि उरलेली वाईन जपून ठेवली आहे. बाकी दोन बाटल्या न उघडता फ्रीजमध्ये उभ्या ठेवल्या आहेत. आपला माणूस तपासायला आला तर त्याच्यासमोरच उघडू.

आपले ग्राहक
(नावे, बिल, पावती आणि परवान्याच्या प्रती सोबत)