आधी दाखल क्रमांक, मग बारकोड

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

घरच्या पुस्तकांची यादी करायला पाठवलेला बारकोड स्कॅनर नीट पोचला हे बरे झाले. पण तो जोडून लगेच सुरुवात करू नका. आपल्या अडीच हजार पुस्तकांपैकी निम्म्यांवर तरी बारकोड नसणार. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, ही पद्धतच १९७० ची, मराठी पुस्तकांवर ती यायला आणखी बराच काळ गेला आणि मलपृष्ठावर काळ्या रेघा त्याच्याही नंतर आल्या. बाबांच्या काचेच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांसाठी स्कॅनरचा काही उपयोग नाही. म्हणून नोंदीचा कणा बारकोड नव्हे, दाखल क्रमांक, म्हणजे आपणच पुस्तकाला दिलेला अनुक्रमांक. बाबा, हिराचंद नेमचंद वाचनालयात ग्रंथपालांच्या टेबलावर दाखल नोंदवही असायची, तीच रीत घरी ठेवायची.

प्रत्येक पुस्तकाला १ पासून पुढे एक क्रमांक द्या. तो मऊ पेन्सिलीने, शीर्षकपानाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात लिहा आणि ही जागा कधी बदलू नका. बॉलपेन नको, जुन्या कागदातून शाई पलीकडे उतरते. पुस्तक हरवले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. ओळ राहू द्या आणि शेऱ्यात ‘नाही’ लिहा. स्टिकर मी मुद्दाम पाठवलेले नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात त्यांचा गोंद पाघळतो, कडेने बाहेर येऊन धूळ धरतो आणि शेजारच्या पुस्तकाला चिकटतो. सेलोटेपही लावू नका, तो पिवळा पडतो आणि काढताना कागद सोलून निघतो.

एक्सेलमध्ये रकाने असे ठेवा: दाखल क्रमांक, आयएसबीएन, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा, जागा, शेरा. पहिले पुस्तक वाचण्याआधी आयएसबीएनचा पूर्ण रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करा. हे राहिले तर तेरा आकड्यांऐवजी ९.७८ई+१२ असे काहीतरी दिसेल. तशीच फाईल सीएसव्ही म्हणून, म्हणजे नुसत्या मजकुराच्या स्वरूपात, साठवली तर शेवटचे आकडे कायमचे जातात. फाईल नेहमीच्या एक्सेल स्वरूपातच ठेवा.

बाबा, पुढची चूक तुमच्याकडून नक्की होणार, कारण तुमचा कीबोर्ड कायम मराठीवर असतो. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी दुसरा कीबोर्डच. तो आकड्यांची बटणे दाबल्यासारखे करतो आणि शेवटी एंटर मारतो. मराठी चालू असेल तर देवनागरी आकडे किंवा भलतीच चिन्हे उमटतात. म्हणून एका वेळी एकच फळी घ्या. तिच्यावरची पुस्तके जेवणाच्या टेबलावर क्रमाने रचा, आईने पेन्सिलीने क्रमांक घालावेत, मग कीबोर्ड इंग्रजीवर आणून सगळ्यांचे बारकोड वाचा. नंतर मराठीवर येऊन त्याच क्रमाने नावे भरा. बारकोड नसलेले पुस्तक आले की नुसते एंटर दाबून कप्पा मोकळा सोडा. हे एकदा जरी विसरलात तरी तिथून खालचे सगळे क्रमांक एक घर वर सरकतात आणि चुकीच्या पुस्तकांना चिकटतात. कामातली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती लगेच दिसत नाही. फळी संपली की शेवटच्या पुस्तकातला पेन्सिलीचा क्रमांक आणि त्याच्या आयएसबीएनचे शेवटचे चार आकडे पडद्याशी ताडून बघा, मगच पुस्तके परत ठेवा.

बीप आला नाही तर आधी अंतर बदला. साधारण वीतभर लांबून सुरुवात करा. मुखपृष्ठाला चकचकीत लॅमिनेशन असेल तर उजेड थेट परत येतो, तेव्हा स्कॅनर जरा तिरका धरा. लाल रेषा सगळ्या काळ्या रेघांवरून आणि दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पट्टीवरून आरपार गेली पाहिजे. किमतीचे लेबल त्या पट्टीवर आले तरी वाचन अडते. बारकोड लाल किंवा तपकिरी शाईत छापलेला असेल तर लाल प्रकाशाला तो दिसतच नाही. झटत बसू नका, खालचा आकडा हाताने टाइप करा. आईने घातलेली खाकी कव्हरे मागून थोडी सैल करावी लागतील.

आलेला आकडा ९७८ किंवा ९७९ ने सुरू व्हायला हवा. तसे नसेल तर बहुधा दुकानाने लावलेला त्यांचाच बारकोड वाचला गेलाय. ९७७ म्हणजे नियतकालिक. तेराऐवजी दहाच आकडे आले तर स्कॅनरमध्ये तेरा आकड्यांचे दहा करणारी सेटिंग चालू आहे. पुस्तिकेतला मूळ सेटिंगचा बारकोड एकदा वाचा, बंद होईल. मात्र त्यानंतर एंटर जात नसेल तर एंटरचा बारकोडही वाचावा लागेल.

२००७ पूर्वीच्या पुस्तकात दहा आकडी क्रमांक असतो, भारतातला बहुधा ८१ ने सुरू होणारा. तो छापलाय तसाच लिहा. पुढे ९७८ जोडून भागत नाही, कारण शेवटचा तपासणीचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो आणि तो बदलतो. शेवटी ‘एक्स’ असेल तर ती छपाईची चूक नव्हे, तो तपासणीच्या आकड्याच्या जागी आलेला दहा आहे.

इंटरनेटवरून आयएसबीएनने माहिती काढता येते, पण मराठी पुस्तकांची ती बरेचदा सापडत नाही, किंवा नाव रोमन अक्षरांत येते. मी तरी त्यावर विसंबणार नाही. शीर्षकपान बघून देवनागरीत लिहा. मुखपृष्ठावरचे नाव कधी कधी अर्धेच असते. लेखकाचे आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. आद्याक्षरांनंतर जागा सोडायची की नाही ते पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर शोधताना एकाच लेखकाचे दोन लेखक होतात. जुन्या पुस्तकात फक्त शके दिले असेल तर ७८ मिळवा आणि शेऱ्यात मूळ शके ठेवा. आईच्या कन्नड पुस्तकांची आणि वरच्या मजल्यावरून आलेल्या तेलुगू पुस्तकांची नावेही देवनागरीतच, भाषेचा रकाना मात्र चुकवू नका.

जागा म्हणजे कपाट आणि फळी: ३/२ म्हणजे तिसरे कपाट, वरून दुसरी फळी. उसने गेलेले पुस्तक शेऱ्यात, नेणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह.

सकाळी अकराच्या आत एक फळी, बास. पुस्तक घट्ट मिटून रंगाच्या कोरड्या ब्रशने कण्याकडून बाहेर धूळ झाडा, आणि ती गच्चीत. कुठे मातीची बारीक रेघ किंवा पोखरलेले पान दिसले तर ती वाळवी किंवा दुसरी कीड असू शकते. ते पुस्तक पिशवीत वेगळे ठेवा आणि मला फोन करा. वरच्या फळ्यांना हात लावू नका, त्या मी आले की काढू. दिवाळी अंकांना सध्या एकेक क्रमांक नको. वर्षाप्रमाणे गठ्ठे बांधून ठेवा.

तुमची लेक