वाचनालयाच्या फिशटँकला चार भक्कम पाय हवेत

सस्नेह नमस्कार.

बालविभागात खिडकीखाली गोणपाट पांघरून काय ठेवलंय, असं गेला महिनाभर जो येतो तो विचारतो. ती माशांची काचपेटी आहे, फिशटँक. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. शिरपूरकडच्या एका दवाखान्याच्या वेटिंगमध्ये ती बरीच वर्षं होती. दवाखान्याची जागा बदलली आणि पेटी भंगारवाल्याकडे गेली. तिथे ती उन्हात पडून होती. स्टँड किलोवर जाणार होता आणि काच फुटणार होती, तेवढ्यात आपल्या एका सभासदाच्या नजरेला पडली. घासाघीस करून १,८०० रुपयांत स्टँडसकट घेतली आणि छोटा हत्तीत घालून गावात आणली. हे पैसे सभासदांनी आपसात काढले, वाचनालयाच्या खात्याला हात लावलेला नाही.

पुढे जे झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण गावात त्याच्या चार वेगवेगळ्या कथा फिरताहेत. चूक आमचीच. पेटी आली त्याच संध्याकाळी पोरांची हौस आणि आमचीही हौस, बोअरची नळी लावली आणि काठोकाठ भरली. रात्रभर छान दिसली असणार. सकाळी दार उघडलं तर पाणी फरशीवरून थेट खालच्या फळीपर्यंत पोचलेलं आणि जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा फुगून टम्म. पोरांनी दोरी बांधून अंक वाळत घातले. बरेचसे वाचले, पण पानं आता पापडासारखी वाजतात.

गळती नेमकी कुठून झाली ते बघायला काचेचं काम करणाऱ्या एका कारागिराला बोलावलं. त्याने आधी काच पाहिलीच नाही. खाली बसला, खिशातून पेचकस काढला आणि स्टँडच्या मागच्या पायाला टोचला. पेचकस आत गेला. लोखंडाच्या पायात, लाकडात जावा तसा! मग हातोडीने एकेक पाय वाजवून दाखवला. पुढचे दोन टणटण वाजले, मागचे दोन भद्द. माठ घेताना आपण वाजवून घेतो, तेवढी अक्कल आम्हाला स्टँड घेताना सुचली नाही.

मागचे पाय चौकोनी पाइपचे आहेत, खालची टोपणं कधीच पडून गेलेली. वर्षानुवर्षं पेटीतून ठिबकलेलं आणि फरशी पुसतानाचं पाणी पाइपच्या आत शिरून राहिलं, त्यामुळे गंज आतून चढला. बाहेरून रंग धड दिसतो, फक्त जागोजागी फुगलेला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला असे फोड येतात. वजन आलं तसा एक पाय जरासा बसला, पेटी पिळली गेली आणि उन्हाने आधीच कडक झालेला मागचा खालचा सांधा सुटला. म्हणजे गळली काच, पण दुखणं पायात होतं.

यात वजनाचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. पेटी नऊ घनफुटांची. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे २५५ लिटर. वरून दोन इंच रिकामी ठेवली तरी पाणीच सव्वादोनशे किलो भरतं. काच १० मिलिमीटर जाडीची आहे, तिचं वजन ५० किलोच्या आसपास. त्यात वाळू, दगड, झाकण. तीन क्विंटलच्या वरच जातं सगळं. कापूस मोजणाऱ्या गावाला तीन क्विंटल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हे ओझं अडीच फुटांवर उभं राहणार आणि त्याला नाक लावून, रेलून, कधी ढकलाढकली करत दुसरी-तिसरीची पोरं उभी राहणार. एका हितचिंतकाने सुचवलं, ‘वरून चांदीचा रंग मारा, काय कळतंय!’ त्यांच्या आपुलकीबद्दल आदर आहे, पण ते होणार नाही. पाय बदलल्याशिवाय या पेटीत तांब्याभरसुद्धा पाणी घालायचं नाही, असं बैठकीत ठरलं आहे आणि इतिवृत्तात लिहिलंही आहे.

म्हणून पहिली विनंती गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांना. आपला एक दिवस द्या. वरची चौकट दीड इंची अँगलची आहे, ती ठणठणीत आहे. मागचे दोन पाय आणि खालची चौकट कापून दीड इंची, पाच मिलिमीटरच्या अँगलमध्ये नवी करायची. पाइप नको, उघडा अँगल हवा, म्हणजे पाणी आत साठणार नाही आणि गंज धरला तरी डोळ्यांना दिसेल. मागच्या बाजूला तिरप्या पट्ट्या हव्यात, म्हणजे स्टँड झुलणार नाही. वेल्डिंग चालू असताना पोरांना तिथे फिरकू देणार नाही, ती जबाबदारी आमची.

जुनं लोखंड घासण्याचं काम मात्र पोरं आणि मोठे मिळून करणार आहोत. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, सगळे पापुद्रे निघून लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. तोंडाला रुमाल आणि डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय कुणीही घासायला बसायचं नाही. घासलेल्या लोखंडाला हवेतच पुन्हा गंज धरतो, म्हणून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात द्यायचा, वाळल्यावर दुसरा, त्यावर ऑइल पेंटचे दोन. सांध्यांच्या फटीत आणि पायांच्या तळव्यांना ब्रश नीट फिरला पाहिजे, कारण गंजाची सुरुवात तिथूनच होते. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत स्टँड ओट्यावर राहील. पायांखाली रबराच्या टोप्या बसवू. गावातल्या कुणा गवंडीदादांनी पाणसळ घेऊन अर्धा तास यावं. आपल्या बालविभागाची फरशी दरवाजाकडे किंचित उतरती आहे, हे आम्हाला दिवाळी अंक भिजल्यावर कळलं.

आता काच. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. वरवर लेप दिला की महिनाभराने पुन्हा गळती. त्यामुळे सुटलेल्या सांध्यातून जुना डिंक काढून तळ पुन्हा बसवायचा, आतल्या चारही बाजूंचं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडायचं, काच स्पिरिटने पुसून कोरडी करायची आणि मग नवीन भरायचं. हे काम त्याच कारागिराने अंगावर घेतलं आहे. मजुरी नको म्हणाला, सामान द्या म्हणाला. देणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की ट्यूब साध्या सिलिकॉनची असावी, जिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. बाथरूमसाठी मिळणारं बुरशी न लागणारं सिलिकॉन कृपया आणू नका. त्यातलं औषध माशांना मारक ठरतं.

एक गोष्ट आम्हाला या निमित्ताने नव्याने समजली. आपल्याकडे चैत्रात ओला टॉवेल दहा मिनिटांत वाळतो, तेव्हा सिलिकॉनही लवकर वाळेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते हवेतला दमटपणा घेऊन घट्ट होतं. कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागतो. तेव्हा दोन दिवसांत आवरा, अशी घाई कुणी करू नये. पुरा आठवडा पेटी हलवायची नाही. मग बाहेर ओट्यावर, सपाट जागी, खाली जुने पेपर अंथरून टप्प्याटप्प्याने पाणी भरायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. पेपरवर थेंब पडला की लगेच कळतं. आत फळीवर प्लाय, त्यावर अर्धा इंच थर्माकोल आणि मग पेटी, म्हणजे खालचा बारीक उंचसखलपणा काचेला बोचणार नाही.

काचेवरचे पांढरे डाग बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे आहेत. ते साबणाने निघत नाहीत आणि या पेटीला साबण लावायचाही नाही. लिंबूसत्वाच्या पाण्याने भिजवून ठेवले की सुटतात. महिला मंडळाच्या ताईंनी हे काम आधीच मागून घेतलं आहे. ‘आमचे स्टीलचे पिंप रोज कोण घासतं?’ असं त्यांनी विचारलं, त्यावर आम्ही गप्प बसलो.

बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ विचारलं, पुस्तकांना पैसे पुरत नाहीत आणि मासे कसले पाळता? प्रश्न रास्त आहे. अनुदान पगार, पुस्तकं आणि वीजबिलातच संपतं. त्यातला रुपयाही इकडे वळवणार नाही, म्हणून तर हे आवाहन. विजेचं म्हणाल तर हवेचा पंप सुमारे पाच वॉटचा. चोवीस तास चालला तरी महिन्याला चार युनिटच्या आत. आणि पोरांचं म्हणाल तर पेटी रिकामी असतानाच बालविभागातली गर्दी वाढली आहे. भोईवाड्यातला एक चौथीतला मुलगा रोज शाळा सुटली की येतो, गोणपाट उचलून बघतो आणि विचारतो, ‘भाऊ, यामा मासा कव्हय येतीन?’ तोवर त्याने मरळ, वाम, कटला यांची चित्रं काढून भिंतीवर लावून टाकली. अनेरच्या पात्रात कोणता मासा कुठे सापडतो हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मासे कधी, याचं उत्तर त्याला दिलं तेच तुम्हालाही देतो. मृगाचा पाऊस पडल्यावर, शाळा उघडताना. आखाजीपर्यंत स्टँड आणि पेटी उभी करायची, पण मे महिन्यात मासे सोडायचे नाहीत. आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि पाणी जितकं तापेल तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३५ अंशांना सात मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्यात वीज गेली आणि पंप बंद पडला की संपलं. म्हणून बॅटरीवर चालणारा एक पंपही यादीत आहे.

मधला महिना-दीड महिना पेटी पाण्याने भरून, पंप चालू ठेवून, चिमूट-चिमूट खाद्य टाकत माशांविनाच चालवायची. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी अपायकारक नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत वस्तीला यावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे जातात. नव्या पेटीत पहिल्याच आठवड्यात मासे मरतात ते बहुतेक यामुळेच, आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी वापरायचं झालं तर त्यातली टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनची) पावडर माशांना आणि या जिवाणूंना, दोघांनाही बाधते. ते पाणी उघड्या पिंपात दिवसभर, पंपाची हवा सोडून ठेवायचं आणि मगच पेटीत घालायचं.

मासे साधेच आणू. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा आपण सगळ्यांनी भिंतीवर वाचली आहे, पण पिल्लं घालणारी गप्पी जवळून किती जणांनी पाहिली? क्षाराचं पाणी तिला चालतं. सोबत झेब्रा डानियोचा एक थवा. हा पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा मूळ आपल्याच देशातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालतं.

हात जोडून एक सांगणं: कृपया स्वतःहून मासे आणून देऊ नका. नदीतले नकोत, जत्रेतल्या पिशवीतले नकोत आणि ‘टँक क्लीनर’ म्हणून विकला जाणारा तो काळा, खरबरीत मासा तर मुळीच नको. तो फूटभर वाढतो, मग लोक त्याला नदीत सोडतात आणि तिथल्या माशांच्या जिवावर उठतो. आपल्या पेटीतलं काहीही तापीत किंवा अनेरमध्ये जाणार नाही.

खर्चाचा अंदाज असा. अँगल आणि वेल्डिंगचं सामान २,००० रुपये, वेल्डरची मजुरी द्यावी लागली तर १,२००, रंगकाम १,१००, सिलिकॉन १,०००, प्लाय आणि थर्माकोल १,५००, पंप, बॅटरीवरचा पंप आणि दोन स्पंजच्या गाळण्या मिळून २,४००, दिवा आणि जाळीचं झाकण १,३००, वाळू, खाद्य आणि मासे ९००. एकूण ११,४०० रुपये. रद्दीचे ३,१५० हातात आहेत. उरतात ८,२५०. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभं राहिलं तेव्हा ज्यांचं नाव त्याला मिळालं त्या दात्यांनी दोन लाख रुपये दिले होते. आम्ही कुणाचं नाव पेटीला देणार नाही, पण पन्नास रुपयांचीही पावती फाडू. वस्तू दिलीत तर आणखी बरं. घरी पडून असलेला चालू पंप, उरलेला अर्धा डबा रेड ऑक्साइड, प्लायचा चार बाय दीड फुटांचा तुकडा, काहीही चालेल.

पुण्या-मुंबईला, सुरतेला असलेल्या गावकऱ्यांनी आखाजीला येताना द्यावं. माहेरी येणाऱ्या लेकींनीही झोक्यावरून उतरलात की पाच मिनिटं वाचनालयात डोकवावं. तुमच्यातल्या कित्येकींची नावं अजून बालविभागाच्या जुन्या नोंदवहीत आहेत.

रक्कम ग्रंथपालांकडेच द्यावी, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नये. खाते क्रमांक सूचना फलकावर आहे. दर रविवारी जमा-खर्च त्याच फलकावर लागेल.

घासकाम गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, वाचनालयाच्या ओट्यावर. दहा वाजता थांबू, पुढे लोखंडाला हात लावता येत नाही. येताना जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, रुमाल आणि असेल तर वायर ब्रश आणावा. चहा आमच्याकडे.

आपले,
कार्यकारी मंडळ आणि बालविभाग