कामगार वस्तीतील नावे दुसऱ्या प्रभागात कशी जातात?

महोदय,

नगरपरिषद निवडणुकीत ‘यादीत नाव आहे, पण भलत्याच प्रभागात’ ही तक्रार मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर ऐकू येते. तेव्हा काहीच करता येत नाही. खोपोलीसारख्या कारखानदारीच्या गावांत ही चूक कशी होते, हे मांडायला हवे.

नगरपरिषदेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार विधानसभेचीच यादी, राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेला असेल तशी, घेऊन प्रभागनिहाय फोडतात. २०२५ च्या निवडणुकांसाठी ती तारीख १ जुलै होती. प्रभागाची हद्द नाल्यावरून, रस्त्यावरून जाते. विधानसभेचा यादी भाग, म्हणजे साधारण एका मतदान केंद्राची नावे, मात्र दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. घर क्रमांक नीट असले तर नावे वेगळी काढता येतात. चाळीत आणि कंपनीच्या क्वार्टर्समध्ये त्या रकान्यात शून्य, आडवी रेघ किंवा नुसते चाळीचे नाव सापडते. मग फोड करणारा कर्मचारी पानच्या पान एका प्रभागात टाकतो. एका खोलीतले नवरा-बायको दोन प्रभागांत जातात ते असे. छोट्या गावातल्या प्रभागात शंभर नावे इकडची तिकडे झाली तरी निकाल फिरू शकतो. शिवाय सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणारा, त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो. त्याचे नाव सरकले की उमेदवारी अर्जावरच गंडांतर.

फोडलेली यादी आधी प्रारूप, म्हणजे कच्ची, म्हणून लागते. तिच्यावर हरकत घेताना ‘माझे नाव घाला’ असा अर्ज बहुतेक जण देतात आणि तो फेटाळला जातो. विधानसभेच्या यादीत नसलेले नाव या टप्प्यावर घालता येत नाही. त्यासाठी नव्या नावाचा अर्ज, म्हणजे नमुना ६, आणि पत्ता बदलला असेल तर नमुना ८ आधीच, त्या ठरलेल्या तारखेपूर्वी मंजूर झालेला हवा. प्रारूप यादीवर लेखनिकाची चूक, चुकीचा प्रभाग किंवा विधानसभेच्या यादीत असूनही गळालेले नाव, एवढेच मांडता येते. अर्जात यादी भाग, अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, दाखवलेला प्रभाग व योग्य प्रभाग लिहावा, वीजबिल जोडावे. योग्य प्रभागात गेलेल्या शेजाऱ्याचा अनुक्रमांकही द्यावा, स्थळपाहणीला येणाऱ्याला त्यावरून हद्द चटकन कळते. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय निघू नये.

बदलीवर किंवा कंत्राटावर आलेल्यांची नावे दोन ठिकाणी असतात. २०२५ मध्ये अशा संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे होते. त्यांनी कुठे मतदान करणार हे आधी कळवले नाही, तर दुसरीकडे मतदान केले नाही, असे हमीपत्र केंद्रावर द्यावे लागते. पाळी गाठायची असलेल्या माणसाचा वेळ तिथेच जातो.

हरकतींची मुदत मोजक्या दिवसांची आणि स्वीकारण्याची वेळ कार्यालयीन. दिवसपाळीचा कंत्राटी कामगार हजेरी बुडवल्याशिवाय तिथे पोहोचू शकत नाही. म्हणून आयोगाकडे मागणी आहे: हरकतींच्या मुदतीत किमान एक रविवार पूर्ण दिवस आणि रोज रात्री आठपर्यंत अर्ज घ्यावेत, प्रारूप यादी चाळीच्या तोंडाशी, प्रभागाच्या नकाशासह लावावी, आणि घर क्रमांक नसलेली नावे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रभागात टाकू नयेत.

– मतदार यादी तपासणारे काही नागरिक, मुलुंड, मुंबई