इटलीतल्या जेनोव्हाच्या जुन्या बंदरावर पायी फेरी : शनिवारची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी ठीक ९.३० वाजता पियाझ्झा कारिकामेंतो या चौकात, पालाझ्झो सान जोर्जोच्या समुद्राकडच्या रंगवलेल्या भिंतीसमोर जमायचं आहे. कृपया उशीर करू नका, फेरी तिथूनच सुरू होते. १२६० सालच्या या वाड्यात मार्को पोलो कैदेत होता असं मानतात. त्याच्या प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याचाही उल्लेख आहे, म्हणून इथे जरा निवांत थांबू.

मग सोत्तोरीपाच्या कमानी. एके काळी समुद्राचं पाणी इथवर यायचं. आता तळलेल्या माशांचा घमघमाट येतो. तांब्याच्या मोठ्या परातीत भट्टीत भाजलेली फारिनाता नक्की खायची : हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बस्स. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ. शाकाहारी मंडळींनीही पोटात जागा ठेवा!

पुढचं बंदर १९९२ साली, कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली तेव्हा, वास्तुविशारद रेंझो पियानो यांनी नव्याने आखलं. १५४३ सालचं लांतेर्ना दीपगृह दुरूनच पाहू.

चालायचे बूट, टोपी, पाण्याची बाटली आणा. गुडघेदुखी असेल तर संकोच न करता आधी सांगा, सावकाश चालू. किती जण येणार ते गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.